विकत घेतलं म्हणजे आपलं झालं?

व्हिडिओ गेमची डिस्क आणायची की गेम थेट डाउनलोड करायचा, हा प्रश्न वरवर मुलांचा वाटतो. पण पैसे आपल्या पाकिटातून जातात. त्या पैशांत नेमकं काय हाती येतं, हे आपण कधी विचारतो का?

"अगं, मी चांगलीच फसले!"

दिवाळीच्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला तो असाच. मला वाटलं, सोन्यात फसली की साडीत! पण प्रकरण वेगळंच निघालं. धाकट्या मुलाला दहावीनंतर गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, घेऊन द्यायचं तिनं कबूल केलं होतं. दुकानात एकाच कन्सोलचे दोन प्रकार होते. दिसायला जवळपास सारखे, किमतीत मात्र काही हजारांचा फरक. "दोन्हींवर गेम तेच चालतात ना?" तिनं विचारलं. "तेच चालतात मॅडम," असं उत्तर आलं. ते काही खोटं नव्हतं. तिनं अर्थातच स्वस्तातला घेतला. घरी आल्यावर मुलानं खोका उघडला, यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आई, डिस्क कुठून घालायची?"

डिस्क घालायला खाचच नव्हती.

नोकरीसाठी बंगळुरूला गेलेल्या थोरल्यानं जाताना आपल्या अठरा डिस्क धाकट्यासाठी ठेवल्या होत्या. "पाच वर्षांत जमवलेल्या गं. वाढदिवसाच्या, मामानं दिलेल्या पैशांतून घेतलेल्या. आता त्यांचं काय करू? दाराला तोरण बांधू?"

दुकानदारानं फोडलेला खोका परत घ्यायला नकार दिला. मी हसले खरी, पण फोन ठेवल्यावर विषय डोक्यातून जाईना. कारण मैत्रिणीनं नुसतं यंत्र निवडलं नव्हतं. नकळत तिनं एक पद्धतच निवडली होती. त्या पद्धतीत वस्तू विकत घेता येते, पण ती कुणाला देता येत नाही.

कॅसेटपासून खात्यापर्यंत

आपल्या पिढीला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवत असेल. नव्वदच्या दशकात 'समुराई', 'लिटल मास्टर' अशी नावं घरोघरी होती. कॅसेट घालायची, चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची. ती कॅसेट वाड्यातल्या, चाळीतल्या दहा घरांत फिरायची. मे महिन्याच्या सुट्टीत "तुझी दे, माझी घे" असा व्यवहार चालायचा आणि आयांना त्यात काही वावगं वाटत नसे. दिवाळी अंक नाही का असेच फिरत!

पुढे कॅसेटच्या जागी डिस्क आली, पण व्यवहार तोच राहिला. गेम खेळून झाला की मित्राला द्यायचा, नाहीतर दुकानात नेऊन विकायचा आणि वर थोडे पैसे घालून दुसरा आणायचा. आजही मोठ्या शहरांत जुन्या डिस्कची अशी देवघेव चालते.

डाउनलोडमध्ये मात्र हातात काही येत नाही. कंपनीच्या ऑनलाइन दुकानात आपलं एक खातं असतं. पैसे भरले की गेम त्या खात्यात दिसू लागतो. यंत्र बदललं तरी त्याच खात्यावरून तो पुन्हा उतरवून घेता येतो. पण खातं दुसऱ्याला विकता येत नाही, देता येत नाही, आणि त्यातला एखादा गेम सुटा काढून शेजारच्या मुलाला देणं तर शक्यच नाही. आपण 'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण दाबतो, पण नियम-अटींच्या लांबलचक कागदात लिहिलेलं असतं की हा वापराचा परवाना आहे. तो कागद कोण वाचतं? खरं सांगायचं तर मीही कधी वाचला नव्हता.

जे हुकमानं जमलं नाही...

ही गोष्ट एका रात्रीत घडलेली नाही. तिचा एक टप्पा मोठा गमतीचा आहे. २०१३ साली मायक्रोसॉफ्टनं आपल्या नव्या 'एक्सबॉक्स वन'बद्दल जाहीर केलं की यंत्राला दर २४ तासांत एकदा तरी इंटरनेटशी जोडावं लागेल आणि वापरलेल्या डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधनं असतील. खेळणारे असे काही खवळले की विचारू नका. प्रतिस्पर्धी सोनीनं संधी साधली आणि 'आमचा गेम मित्राला कसा द्यायचा' हे शिकवणारी काही सेकंदांची फिल्म काढली. त्यात काय दाखवलं? एकानं डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली. झालं, संपली फिल्म! १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टनं ते नियम मागे घेतले.

पण पुढची गंमत बघा. सातच वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, या दोन्ही कंपन्यांनी आपल्या नव्या कन्सोलचा एकेक प्रकार डिस्कच्या खाचेशिवाय बाजारात आणला. आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत 'प्लेस्टेशन ५' आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचा ३९,९९० रुपयांना होता. कुणी खवळलं नाही. लोकांनी रांगा लावून घेतले. जे हुकमानं जमलं नव्हतं, ते दहा हजारांच्या सवलतीनं आणि घरबसल्या खरेदीच्या सोयीनं आपसूक जमलं.

आता हे दहा हजार खरंच वाचतात का, याचा हिशोब आपणच मांडायला हवा. मोठ्या कंपनीच्या नव्या गेमची किंमत आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जाते. समजा, डिस्क पाच हजारांना घेतली आणि खेळून झाल्यावर दोन हजारांना विकली, तर गेम तीन हजारांना पडला. किंवा दुसऱ्यानं विकलेली डिस्क आपणच तीन हजारांत आणली, तर सुरुवातीलाच दोन हजार वाचले. वर्षाला असे तीन-चार गेम झाले, तर दीड-दोन वर्षांत तो दहा हजारांचा फरक भरून निघतो. उलट, तुमचं पोर सहा महिने वर्षभर थांबायला तयार असेल, तर ऑनलाइन दुकानात सेल लागतात. तिथं तेच गेम निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. थोडक्यात, ज्याला गेम आल्या आल्या हवा असतो त्याला डिस्क परवडते आणि ज्याला धीर आहे त्याला डाउनलोड. आपलं लेकरू कोणत्या जातकुळीचं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक!

एक दिवस गेम गेलाच

पण प्रश्न नुसता रुपयांचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. २०१४ च्या डिसेंबरमध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' नावाचा मोटारशर्यतींचा गेम आला. तो खेळायला कायम इंटरनेट लागायचं, कारण गेमचा एक भाग कंपनीच्या सर्व्हरवर चालायचा. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीनं ते सर्व्हर बंद केले आणि गेम संपला. एकट्यानं खेळायलाही तो उरला नाही. पुढे तर अनेकांच्या खात्यातून तो वापरायचा परवानाही काढून घेतला गेला.

आणि इथंच डिस्कवाल्यांचाही भ्रम फुटतो. ज्यांनी डिस्क घेतली होती, त्यांचाही गेम बंद पडला. डिस्क कपाटात चकचकीत, पण उपयोग शून्य! म्हणजे डिस्क हातात असणं ही काही पूर्ण खात्री नव्हे. हल्ली कित्येक गेम डिस्कवर अर्धेच असतात आणि उरलेला भाग डाउनलोड करावा लागतो. कॉम्प्युटरच्या गेमचा खोका आणला तर आत बहुधा नुसता कोडचा कागद मिळतो. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या 'स्विच २'साठी काही गेमची कार्डं अशी आहेत की त्यांत गेम नसतोच, गेम उतरवून घ्यायची किल्ली तेवढी असते. नारळ आणावा आणि आत पाणीही नसावं, खोबरंही नसावं, तसं हे. एवढं मात्र खरं की ते कार्ड निदान दुसऱ्याला देता येतं.

ऑनलाइन दुकानंही कायमची नसतात. निन्टेन्डोनं 'वी यू' आणि 'थ्रीडीएस' या आपल्या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद केलं. 'एक्सबॉक्स ३६०'चं २९ जुलै २०२४ ला मिटलं. दोन्हीकडे आधी घेतलेले गेम उतरवून घ्यायची सोय ठेवली, पण नवी खरेदी संपली. जे गेम फक्त त्या दुकानातच मिळत होते, त्यांचं काय? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनं २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथं २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात सरळ विकत मिळत नसल्याचं आढळलं. जुनी पुस्तकं रद्दीत तरी सापडतात. इथं रद्दीचं दुकानच नाही.

'द क्रू' प्रकरणानंतर मात्र खेळणारे गप्प बसले नाहीत. 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम २०२४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. मागणी साधी होती. सर्व्हर आयुष्यभर चालवा, असं कुणी म्हणत नव्हतं. बंद करताना गेम निदान खेळता येईल अशा स्थितीत सोडा, एवढंच म्हणणं होतं. युरोपीय संघात दहा लाख नागरिकांनी सही केली तर त्या मागणीची अधिकृत दखल घ्यावी लागते, असा नियम आहे. जुलै २०२५ मध्ये या मोहिमेनं दहा लाखांचा टप्पा ओलांडला. गेम खेळणाऱ्यांना आपण रिकामटेकडे समजतो, पण ग्राहक म्हणून ते आपल्यापेक्षा जागरूक निघाले की!

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २०२४ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. ग्राहकाला मिळतो तो परवाना आहे, हे स्पष्ट न सांगता डिजिटल वस्तूंसाठी 'विकत घ्या' असा शब्द वापरायचा नाही, असं तो सांगतो. 'स्टीम' या कॉम्प्युटर गेमच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानानं ऑक्टोबर २०२४ पासूनच पैसे भरण्याआधी तशी सूचना दाखवायला सुरुवात केली. म्हणजे निदान प्रामाणिकपणा तरी आला.

देता येतं ते आपलं

मालकी म्हणजे नेमकं काय, हा वाद जुनाच आहे. अमेरिकेत एका प्रकाशकानं आपल्या कादंबरीत छापलं होतं, की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकायचं नाही. एका दुकानानं ते ८९ सेंटला विकलं. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की एकदा प्रत विकल्यावर ती पुढे कितीला विकावी हे प्रकाशकानं ठरवायचं नाही. जुन्या पुस्तकांचा बाजार, वाचनालयं, वापरलेल्या डिस्कची दुकानं, सगळी याच विचारावर उभी आहेत.

डाउनलोड केलेल्या गेमला हा विचार लावायचा का? फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेनं हाच प्रश्न कोर्टात नेला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं स्टीमवरचे गेम ग्राहकाला पुन्हा विकता यायला हवेत, असं म्हटलं. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. कंपन्यांचंही एक म्हणणं आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. डिस्क वापरून जुनी होते, तिच्यावर ओरखडे पडतात, पण डिजिटल प्रत कधीच जुनी होत नाही. ती लोक आपापसांत विकत राहिले तर नवी प्रत घेणार कोण?

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल वस्तूंचाही समावेश आहे आणि ग्राहकावर अन्याय करणाऱ्या करारांविरुद्ध दाद मागायची सोयही आहे. पण 'विकत घ्या' म्हणताना हा परवाना आहे असं ठळकपणे सांगायची कॅलिफोर्नियासारखी स्वतंत्र सक्ती नाही. ती व्हायला हवी. गेमपुरती नाही, पुस्तकं, सिनेमे, गाणी सगळ्यांसाठीच. २००९ मध्ये ॲमेझॉननं आपल्या ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' परस्पर काढून टाकलं होतं. कारण प्रकाशकाकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण विकलेलं पुस्तक घरात शिरून परत नेता येतं, हे त्या दिवशी जगाला कळलं.

आपण बायका या बाबतीत पहिल्यापासून व्यवहारी. स्टीलच्या डब्यावर नाव घालून घेणार, म्हणजे शेजारी गेला तरी आपला म्हणून परत येतो. जुन्या साड्या बोहारणीला देऊन पातेलं घेणार. मोठ्याचे कपडे धाकट्याला, धाकट्याचे भाच्याला. वस्तू आपली आहे याचा आपल्या लेखी अर्थ एवढाच, की ती कुणाला द्यायची हे आपण ठरवतो. डाउनलोडमध्ये नेमका तोच हक्क जातो. 'स्टीम'च्या नियमांत खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि मृत्युपत्रानंही ते वारसाला देता येणार नाही, असं उत्तर त्यांच्याकडून आल्याचं २०२४ मध्ये गाजलं होतं. हजारो रुपयांचे गेम असलेलं खातं, आणि वारस कुणीच नाही!

दुसरी बाजूही बघू

याचा अर्थ डाउनलोड वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. वन-रूम-किचनमध्ये डिस्कचे खोके ठेवायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. तालुक्याच्या गावी गेमच्या डिस्कचं दुकान नसतं, पण डाउनलोड तिथंही पोचतं. अर्थात, शंभर जीबीचा गेम मोबाइलच्या डेटावर उतरवायला बसलात तर पंचाईत! इंटरनेट चांगलं असेल तरच हा मार्ग.

आणि मुख्य म्हणजे छोट्या निर्मात्यांना डाउनलोडनं बाजार दिला. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या स्टुडिओचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला. त्यात राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाला असुरांपासून सोडवायला निघते आणि दुर्गा तिच्या पाठीशी असते. नायिका मुलगी, कथा आपल्या मातीतली. ऑनलाइन दुकानं नसती तर पुण्यातला असा गेम जगभरच्या खेळणाऱ्यांपर्यंत कसा पोचला असता? तुमच्या घरात गेम खेळणारी मुलगी असेल, आणि हल्ली त्या पुष्कळ आहेत, तर तिला जरूर दाखवा.

काही दुकानं मधला मार्गही देतात. 'जीओजी' नावाच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या कॉम्प्युटर गेमची फाइल आपल्या हार्ड डिस्कवर साठवून ठेवता येते आणि ती चालवायला पुन्हा कुणाची परवानगी लागत नाही. कायद्यानं विकता येत नसली तरी निदान कुणी ती काढून नेऊ शकत नाही.

मैत्रिणीच्या अठरा डिस्कचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. तिचा भाचा सांगलीला असतो. त्याच्याकडे जुना कन्सोल आहे. नाताळच्या सुट्टीत तो आला आणि पिशवी भरून डिस्क घेऊन गेला. थोरल्यानं बंगळुरूहून फोनवर एकेका गेमची माहिती दिली, कुठला आधी खेळायचा तेही सांगितलं. धाकटा जरा हिरमुसला, पण त्यालाही बरं वाटलं असावं.

"चला, वाया नाही गेल्या," मी म्हटलं.

"ह्या नाही गेल्या गं," ती म्हणाली, "पण आता ह्यानं त्या यंत्रावर जे जे घेतलंय ना, ते उद्या तो कुणाला देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी दुकानात विचारायचे प्रश्न मात्र दोघींनी मिळून लिहून काढले.

चौकट : पैसे देण्याआधी एवढं विचारा

० कन्सोलला डिस्कची खाच आहे का? नसेल तर ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो का, आणि केवढ्याला? घरात जुन्या डिस्क असतील तर हा प्रश्न पहिला.

० डिस्कवर पूर्ण गेम आहे की नुसती किल्ली? खोक्यावर 'डाउनलोड आवश्यक' अशा अर्थाची सूचना बारीक अक्षरात असते. ती वाचा.

० एकट्यानं खेळायलाही इंटरनेट लागतं का? लागत असेल, तर डिस्क असो वा डाउनलोड, सर्व्हर चालू आहे तोवरच गेम आपला.

० खातं कुणाच्या ईमेलवर आणि फोन नंबरवर आहे? मुलाच्या मित्राच्या नव्हे, घरातल्या मोठ्या माणसाच्या असावं. पासवर्ड लिहून ठेवा, आणि आपलं कार्ड त्या खात्यात कायमचं जोडून ठेवू नका.

० नाही आवडला तर पैसे परत मिळतात का? 'स्टीम'वर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर मिळतात. प्रत्येक दुकानाचा नियम वेगळा असतो.

० तक्रार असेल तर बिल, स्क्रीनशॉट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.